डाव्या पायाचे बूट

आठवीत की नववीत ते आता नक्की सांगता येणार नाही, पण इतिहासाच्या तासाला सरांनी सांगितलेली जपानची ती गोष्ट आपल्या वर्गातल्या सर्वांना आठवत असेल. बुटांच्या कारखान्यातले कामगार संपावर गेले, पण काम थांबवले नाही. नुसते डाव्या पायाचे बूट बनवत राहिले! पुढे मीही शिक्षक झालो आणि हीच गोष्ट वर्षानुवर्षे वर्गात रंगवून सांगितली. निवृत्तीनंतर जपानचा इतिहास सवडीने वाचू लागलो, तेव्हा मात्र थोडे ओशाळायला झाले.

१९५० च्या वसंतात टोयोटात संप झाला, तो अगदी आपल्याकडच्यासारखा. कंपनी दिवाळखोरीच्या दारात होती, दीड हजारांहून अधिक माणसे कमी करायची होती. अखेर जूनमध्ये संस्थापक कीइचिरो टोयोडा यांनी अध्यक्षपद सोडले, तेव्हा कुठे तडजोड झाली. दोष एकट्या कंपनीचा नव्हता. महागाई आवरण्यासाठी अमेरिकेने पाठवलेल्या जोसेफ डॉज या बँकरने १९४९ मध्ये सरकारी खर्चाला कात्री लावली आणि एका डॉलरला ३६० येन हा दर बांधून दिला. भाव उतरले खरे, पण कारखानेही बंद पडू लागले.

संप मिटून पंधरवडाच झाला होता. २५ जून १९५० ला कोरियात युद्ध पेटले. अमेरिकी फौजेला सर्वांत जवळची पेठ जपानची. ट्रक, काटेरी तारा, वाळूसाठी गोणपाटाची पोती, घोंगड्या, नादुरुस्त वाहनांची दुरुस्ती, सगळ्याचे पैसे रोख डॉलरमध्ये. टोयोटाला हजार ट्रकांची पहिली मागणी जुलैतच आली. १९५३ पर्यंत या खास खरेदीतून जपानला दोन अब्जांहून अधिक डॉलर मिळाले. त्या परकीय चलनातून यंत्रे आली, कच्चा माल आला, पोलादाचे नवे कारखाने उभे राहू लागले. (त्यांच्या भट्ट्यांसाठी लोहखनिज पुढे आपल्या शेजारच्या गोव्यातूनही गेले, मुरगाव बंदरातून, तेव्हा तिथे पोर्तुगीज होते.) जपानी माणूस राबला, हे खरेच. पण राबायला काम मिळाले ते शेजारच्या घराला आग लागली म्हणून. आणि तो शेजारी म्हणजे १९१० ते १९४५ जपानने गुलामीत ठेवलेला कोरिया. दुसऱ्याच्या युद्धावर आपण खूश होतो आहोत याची टोचणी लागली होती, असे टोयोटाच्याच एका प्रमुखाने पुढे कबूल केले आहे.

परराष्ट्र संबंधांचे गणितही याच युद्धाने बदलले. कालचा शत्रू अमेरिकेला आता मित्र म्हणून हवा होता. युद्ध त्याज्य मानणारी राज्यघटना १९४७ मध्ये लागू झाली होती. तरी १९५० मध्येच ७५ हजारांचे राखीव पोलीस दल उभे करायला लावले गेले. ८ सप्टेंबर १९५१ ला सॅन फ्रान्सिस्कोत शांतता करार झाला आणि त्याच दिवशी अमेरिकी तळ जपानात ठेवणारा सुरक्षा करारही. ओकिनावा तर १९७२ पर्यंत अमेरिकेकडेच राहिले.

भारत त्या परिषदेला गेला नाही. जपानला बरोबरीचा मान मिळावा, परकी फौजा राहू नयेत, असे नेहरूंचे म्हणणे होते. ९ जून १९५२ ला आपण वेगळा करार केला आणि युद्धभरपाईवर पाणी सोडले. त्याआधी १९४९ मध्येच, टोकियोतल्या मुलांनी हत्ती मागितला म्हणून नेहरूंनी ‘इंदिरा’ नावाची हत्तीण उएनोच्या प्राणिसंग्रहालयात धाडली होती. तिथले आधीचे हत्ती युद्धकाळात उपाशी ठेवून मारले गेले होते.

सॅन फ्रान्सिस्कोचे निमंत्रण मात्र चीनला नव्हते आणि कोरियालाही नव्हते. दक्षिण कोरियाशी जपानचे रीतसर संबंध जुळायला १९६५ उजाडले. तेव्हा जपानने तीस कोटी डॉलर अनुदान आणि वीस कोटी कर्ज देऊ केले, तेही ‘भरपाई’ हा शब्द टाळून. त्यातला काही पैसा पोहांगच्या पोलाद कारखान्यात गेला. वेठबिगारीला नेलेल्या कोरियन मजुरांचे दावे मात्र त्यानंतरही कोर्टात येतच राहिले.