रिसीव्हर कुणाचा माणूस?

मंगळवार पेठेतील जुन्या वाड्यांतून एकेका खोलीत एकेक कुटुंब भाड्याने राहत आले. महिन्याला मालकाच्या हाती भाडे ठेवायचे, एवढाच त्यांचा मालमत्तेच्या कायद्याशी संबंध. पण वाडा गहाण पडला, मालकाने हप्ते थकवले, की भाडे मागायला तिसराच माणूस दारात उभा राहू शकतो. तो रिसीव्हर. मालक म्हणतो, हा धनकोचा माणूस, याची नेमणूकच बेकायदा. धनको म्हणतो, गहाणखतावर तुमची सही आहे. या भांडणाचा इतिहास त्या दोघांच्याच कैफियतींतून लिहिला गेला. भाडे भरणाऱ्याला त्यात कुणी साक्षीलाही बोलावले नाही.

सावकाराच्या हाती मालमत्ता सहजासहजी द्यायची नाही, हे शहाणपण इंग्रजांना दंग्याने शिकवले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. खताच्या मागे जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार त्याने कोर्टाला दिला. शेतकऱ्याच्या कुटुंबाच्या पोटाला लागणारी जमीन वगळून उरलेली जमीन कलेक्टरने जास्तीत जास्त ७ वर्षे ताब्यात घ्यावी व तीतून कर्ज फेडावे, अशी सोय केली. म्हणजे रिसीव्हरच, पण सरकारचा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेही कोर्टाबाहेर गहाण विकण्याची मुभा मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा ठरावीक शहरांपुरती आणि काही विशिष्ट गहाणांपुरतीच ठेवली. बाकीच्यांनी कोर्टाची पायरी चढावी.

१९२९ साली त्यात ६९-अ हे कलम घातले गेले. असा विक्रीचा अधिकार असलेल्या धनकोने लेखी नेमणूक करून भाडे वसूल करणारा रिसीव्हर बसवावा. मात्र गहाणखतात नाव नसेल तर मालकाची संमती हवी. एकमत न झाल्यास कोर्टाकडे जावे. मालकाच्या तक्रारीला इथे खरा आधार आहे. पण याच कलमातली पुढची गंमत पाहा: नेमणार धनको, आणि कायद्याने रिसीव्हर मानला जाणार मालकाचा मुखत्यार! त्याच्या चुकीची जबाबदारीही साधारणपणे मालकाच्याच माथी. शिवाय त्याचे कमिशन, वसुलीच्या शेकडा ५ पर्यंत, त्याच भाड्यातून.

२००२ च्या सरफेसी कायद्याने सव्वाशे वर्षांचा हा संशय बाजूला सारला. थकीत कर्जापोटी बँकेने कोर्टात न जाता ताबा घ्यावा, व्यवस्थापक नेमावा. दाद मागण्यापूर्वी ७५ टक्के रक्कम भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली रद्द केली. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे काय, हा वाद तर आपल्याच जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या नावाने घटनापीठापुढे गेला. ५ मे २०२० रोजी निकाल बँकांच्या बाजूने लागला. कर्जदार हरला, पण त्याचे म्हणणे ५ न्यायमूर्तींनी ऐकले, हेही खरे.

आता भाडेकरू. राज्याच्या भाडे-नियंत्रण कायद्याचे संरक्षण सरफेसीने पुसले जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले. २०१९ साली मात्र त्याच न्यायालयाने म्हटले की, नोंदणीकृत दस्त नसलेल्या भाडेकरूला वर्षापलीकडे ताब्याचा हक्क सांगता येणार नाही. वास्तविक महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे प्रथम ग्राह्य धरायचे. मालकाने कागद केला नाही, म्हणून बँकेपुढे भाडेकरू उघडा पडतो. हा कुठला न्याय?

हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. ब्रिटिश मुंबई इलाख्यात १८७४ च्या वतन कायद्याने वतनाची जमीन सरकारच्या परवानगीशिवाय वतनाबाहेर देता येत नसे. महाराच्या हाती राबणूक होती, गहाण टाकता येईल अशी मिळकत नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने मोडून जमिनी ज्याच्या त्याच्या नावे केल्या, तेव्हा इथल्या महाराचे नाव स्वतंत्र खातेदार म्हणून कागदावर आले. शहरात भाड्याने राहायला आलेल्या त्याच्या नातवंडांपैकी किती जणांकडे नोंदवलेला भाडेकरार आहे? बहुतेकांकडे एखादी पावती, तीही मालकाच्या मर्जीची. रिसीव्हर दारात आला तर भाड्याची लेखी पावती मागावी, नेमणुकीचा कागद पाहावा, आणि २०१६ च्या दुरुस्तीने भाडेकरूचा दावा तपासण्याचा अधिकार मिळालेल्या कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा.