वाढं, चुना आणि बुळकांडी

चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली आणि श्रीपूरला साखर कारखाना आला. माळशिरस तालुक्याच्या या कोपऱ्यात चिमणी आणि भोंग्याच्या सोबतीने बैलांचीही मोठी वस्ती झाली. कारखान्याच्या इतिहासात गाळप येतं, उतारा येतो, दर येतो. गव्हाणीपर्यंत ऊस ओढून आणणाऱ्या बैलाची तब्येत कोण बघत होतं, ते मात्र कुठे येत नाही. माझे वडील गाडीवान होते आणि मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो, तेव्हा ते मीच लिहितो.

गाडी सोडली की वडील आधी बैलाच्या नाकपुडीला हात लावत. ती ओली हवी. मग कानाचं मूळ, मग जुवाखालचा खांदा, मग शेण. बैल बसून रवंथ करायला लागला की त्यांची भाकर सुटायची. ते म्हणत, "वैरण टाकली तर एक वेळ थांब. रवंथ टाकला तर थांबू नगं." पुढे नोकरीत आम्हाला डाव्या भकाळीत, म्हणजे फासळ्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबून पोटाची हालचाल मोजायला शिकवलं. मिनिटाला एक-दोन लाटा लागल्या तर पोट चालू आहे. वडिलांनी हेच नुसत्या नजरेने ओळखलेलं होतं.

हंगामात वैरण म्हणजे उसाचं वाढं, उसाच्या शेंड्याचा पाला. हिरवंगार असतं, जनावर आवडीने खातं. पण त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन्‌महिने नुसतं वाढंच घातलं की बैल हाडकतो, दूध घटतं, गाई-म्हशी गाभण न राहता उलटायला लागतात. त्यावरचा उपाय पानवाल्याच्या डबीत असतो, तो म्हणजे चुना. रात्री पाण्यात भिजवायचा आणि सकाळी वरची निवळी वाढ्यावर शिंपडायची. जोडीला थोडी कडब्याची कुट्टी द्यायची. माझ्या सगळ्या नोकरीत इतकं स्वस्त औषध मी दुसरं सांगितलं नाही.

पण घरच्या शहाणपणाला हद्द असते, आणि ती हद्द आपल्या माणसांना बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगाने दाखवली. ताप, तोंडात फोड, डोळ्यांना धारा, मग रक्ताची हगवण, आणि बघता बघता गोठे रिकामे. त्यावर ना झाडपाला चालला ना डागणी. मुंबईत परळला 1886 साली पशुवैद्यक महाविद्यालय निघालं. पुण्यात 1889 साली जनावरांच्या साथींसाठी सरकारी प्रयोगशाळा उभी राहिली, ती 1893 मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तिथेच 1920 च्या दशकात एडवर्ड्स यांनी बकऱ्यांमधून विषाणू सौम्य करून लस तयार केली. 1954 पासून देशभर टोचणी झाली. भारतातली शेवटची बुळकांडी 1995 ची, आणि 2011 मध्ये जग तिच्यातून मोकळं झालं. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून घालवलेला हा दुसरा रोग. आमच्या खात्यातल्या साध्या टोचणाऱ्यांचा त्यात वाटा आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

घटसर्प अजून आहे. सकाळी ताप, दुपारी गळा सुजलेला, श्वासाला घरघर, आणि कित्येकदा रात्रीपर्यंत खेळ खलास. गळ्याला डाग देण्यात गेलेले दोन-तीन तासच जनावराचा जीव घेतात. म्हणून लस पावसाळ्याच्या आधी द्यायची. पोटफुगीतही वेळ दवडून चालत नाही. डावी भकाळी वर आली, टिचकी मारल्यावर ढोलासारखी वाजली, की तोंडात आडवी काठी बांधा, पुढचे पाय उंचावर घ्या आणि त्याच वेळी डॉक्टरांना बोलवा. आडवं पाडून नळीने तेल पाजू नका, ते फुप्फुसात जातं.

आता बैलगाड्या कमी आणि ट्रॅक्टर जास्त झालेत. दारात बैलाच्या जागी शेळी असते, जर्सी असते, मुलांनी आणलेलं कुत्रं असतं. 2022 मध्ये गुरांच्या लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा गाठी दिसल्या दिसल्या जनावर वेगळं बांधणारे पुष्कळ होते, आणि चार दिवस हळद लावत बसलेलेही होते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी आता 1962 हा नंबर आहे. फोन करताना एवढं सांगा: रवंथ कधी थांबला, शेण-लघवी शेवटची कधी झाली, ताप किती, आणि तुम्ही आधीच काय पाजलं आहे. शेवटची गोष्ट लोक लपवतात, आणि डॉक्टरांना नेमकी तीच आधी कळायला हवी असते.