कपाट लावायची पदवी

मंडळी, आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'इन्फर्मेशन आर्किटेक्चर' नावाचं एक काम असतं. साईटवर काय कुठे ठेवायचं, मेनूत कुठले शब्द लिहायचे, शोधणाऱ्याला हवं ते चटकन कसं सापडेल, हे ठरवायचं. यात चक्क मास्टर्स करता येतं म्हटलं की प्रोग्रामर लोक हसतात. "कपाट लावायला दोन वर्षं?" असा एकूण सूर. पण हे हसणं काही नवं नाही बरं का!

1887 साली मेल्विल ड्युईने न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालांसाठी जगातली पहिली शाळा काढली. 20 विद्यार्थी, त्यातल्या 17 बायका. विश्वस्तांना हे काही रुचलं नाही, त्यांनी वर्गखोलीच नाकारली. ड्युईने चॅपलच्या वरची अडगळीची खोली साफ केली आणि तिथे वर्ग भरवला. दोनच वर्षांत शाळेला आल्बनीला बिऱ्हाड हलवावं लागलं.

आपल्याकडे मात्र हे लोण लवकर पोचलं, तेही एका मराठी माणसामुळे. नाशकाजवळच्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. 1911 पासून तिथे ग्रंथपालनाचे वर्ग सुरू झाले, भारतातले पहिले.

आता खरा हीरो. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे एस. आर. रंगनाथन 1924 मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळून "मला परत शिकवायला घ्या" म्हणू लागले. विद्यापीठाने त्यांना लंडनला शिकायला धाडलं. तिथे एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. मोजक्याच पट्ट्या आणि स्क्रू, पण त्यातून क्रेनही होते आणि गाडीही. त्यांच्या डोक्यात ट्यूब पेटली: विषयांचंही असंच का करू नये?

तोवरची पद्धत म्हणजे कप्पे आधीच ठरलेले, पुस्तक कुठल्या तरी एकात कोंबायचं. 'कोकणात 1950 साली भातावर पडलेला रोग' हे पुस्तक शेतीत ठेवायचं की कोकणात? रंगनाथन म्हणाले, विषयाचे तुकडे करा. पीक एक तुकडा, रोग दुसरा, जागा तिसरा, काळ चौथा. मग ते चिन्हांनी जोडा. जोडणारं चिन्ह होतं कोलन, म्हणून 1933 साली आलेल्या या पद्धतीचं नाव कोलन क्लासिफिकेशन. आज खरेदीच्या साईटवर किंमत, रंग, साईज असे फिल्टर लावता ना, त्यामागचा विचार हाच. डेटाबेसवाल्यांना तर हे वाचून घरी आल्यासारखं वाटेल. रंगनाथननी शाळाही काढल्या. 1962 मध्ये बंगळूरला डीआरटीसी सुरू केली, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते.

आणि अमेरिकेत? 1976 साली रिचर्ड सॉल वुर्मन या वास्तुविशारदाने 'माहितीचं आर्किटेक्चर' हा शब्द रुजवला. पण ग्रंथपालनाच्या शाळा एकेक करत मिटत होत्या. ड्युईची शाळा 1926 मध्ये कोलंबियात परत आली होती, ती 1992 मध्ये बंदच झाली. जुनाट विषय, म्हणे! टायमिंग बघा: वेब नुकतंच जन्माला आलं होतं आणि पसाऱ्याचा डोंगर उभा राहणार होता.

तो उपसायला आले कोण, तर पुन्हा ग्रंथपालच. लुई रोझनफेल्ड आणि पीटर मॉर्व्हिल हे दोघंही मिशिगन विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकलेले. 1998 साली त्यांचं इन्फर्मेशन आर्किटेक्चरवरचं पुस्तक आलं, मुखपृष्ठावर पांढरं अस्वल असलेलं. वेबवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं. मिशिगनची शाळा त्याआधीच, 1996 मध्ये, 'स्कूल ऑफ इन्फर्मेशन' झाली होती. पाटी नवी, प्रश्न तोच.

आता एआयच्या जमान्यात पुन्हा ऐकू येतं, "मशीन शोधेल की, वर्गीकरण कशाला?" माझं म्हणणं एवढंच: मशीनही कुणीतरी दिलेल्या नावांवरच शिकतं. दवाखान्याच्या यंत्रणेत एकच औषध तीन नावांनी नोंदलेलं असेल, तर हुशार सर्चही चुकू शकतो, आणि भोगतो पेशंट. कपाट नीट लागलेलं असलं की ते कुणी लावलं हे कुणालाच आठवत नाही. या विद्येची खरी अडचण तीच आहे. काम चोख झालं की ते दिसतच नाही, आणि जे दिसत नाही त्याचा वर्ग सगळ्यात आधी बंद होतो.

असो. पुढच्या वेळी फिल्टर लावताना मद्रासच्या त्या गणिताच्या मास्तरांची आठवण काढा.