पडद्यावरचा शेवट

मागच्या वेळी आपण माँटेरी महोत्सवापाशी थांबलो होतो. जून १९६७, कॅलिफोर्निया. डी. ए. पेनबेकरांचा ‘माँटेरी पॉप’ पाहिला की वाटतं, महोत्सवाची सांगता पंडित रविशंकरांच्या सतारीनं झाली. तसं नव्हतं, बरं का. ते रविवारी दुपारीच वाजवून उठले होते. त्या रात्री हेंड्रिक्सनं गिटार पेटवली आणि शेवटी ‘द ममाज अँड द पापाज’ गायले. क्रम फिरवला तो पेनबेकरांनी, संकलनात. कॅमेरा आधी बराच वेळ श्रोत्यांवरच फिरतो, वादक उशिरा दिसतात. मग अल्लारखांच्या तबल्याशी सवाल-जवाब रंगतो आणि शेवटी सगळे टाळ्या वाजवत उभे राहतात.

दोन वर्षांनी वुडस्टॉक. १५ ऑगस्टच्या रात्री (हो, १५ ऑगस्टच!) रविशंकर पावसात वाजवतात. पण मायकेल वॉडलींच्या तीन तासांच्या ‘वुडस्टॉक’मध्ये ते नाहीतच. हेंड्रिक्स मात्र आहे, तोही शेवटी. त्यामुळे त्यानं लाखोंपुढे वाजवलं असं आपण सर्रास म्हणतो. तो मंचावर आला सोमवारी सकाळी, बहुतेक गर्दी घरी गेल्यावर. चित्रपटानं हे लपवलेलंही नाही. त्याच्या गिटारीसोबत पडद्यावर कचऱ्यानं भरलेलं, ओस पडत चाललेलं मैदान दिसतं.