बेंगळुरूचे स्वतंत्र बँड आणि ध्वनिमुद्रणाची मालकी

बेंगळुरूच्या दक्षिणेला होसूर मार्गावर वसलेली इलेक्ट्रॉनिक सिटी ही देशातील माहिती तंत्रज्ञान उद्योगाची प्रमुख वसाहत होय. कर्नाटक राज्याच्या किऑनिक्स या इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने १९७८ मध्ये कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांतील ३३२ एकर जमिनीवर तिची उभारणी केली. महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बालिगा यांची ही संकल्पना होती. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आणि दोन वर्षांनी बेंगळुरूत आलेल्या इन्फोसिसचे मुख्यालयही येथेच आहे.

या उद्योगामुळे देशभरातील तरुण अभियंते बेंगळुरूत आले. त्यांतील काहींनी नोकरी सांभाळून संगीताची साधना सुरू ठेवली. चित्रपटसृष्टीच्या बाहेर राहून स्वतःच्या रचना सादर करणाऱ्या ज्या गटांना आज ‘इंडी बँड’ म्हटले जाते, त्यांच्या इतिहासात या शहराला महत्त्वाचे स्थान आहे.

‘थर्मल अँड अ क्वार्टर’ हा इंग्रजीत गाणारा बँड १९९६ पासून कार्यरत असून, २०१२ मध्ये त्याने २८ गाण्यांचा तीन तबकड्यांचा संच प्रसिद्ध केला. १९९८ मध्ये सुरू झालेला हेवी मेटल बँड ‘क्रिप्टोस’ २०१३ मध्ये जर्मनीतील वाकेन महोत्सवात सहभागी झाला. ‘स्वरात्मा’ची पहिली ध्वनिमुद्रिका २००९ मध्ये आली. उर्दू आणि काश्मिरी भाषांत गाणाऱ्या ‘परवाझ’ने २०१४ मध्ये ‘बारान’ ही ध्वनिमुद्रिका रसिकांसमोर आणली. कर्नाटक संगीत आणि रॉक यांचा मेळ घालणाऱ्या, २००३ मध्ये स्थापन झालेल्या ‘अगम’चे अनेक सदस्य तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरी करत होते. या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘एनएच७ वीकेंडर’ महोत्सवामुळे अशा गटांना महाराष्ट्रातील श्रोतेही लाभले.

मंचावरील कार्यक्रम ऐकणाऱ्यांच्या आठवणीत राहतो. बँडची ओळख मात्र ध्वनिमुद्रणामुळे टिकते. स्टुडिओत सामान्यतः ताल राखणाऱ्या ‘क्लिक’च्या ठोक्यावर आधी ड्रम्स मुद्रित करतात. त्यानंतर बास, गिटार आणि शेवटी गायन असे थर चढवले जातात. प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र ‘ट्रॅक’ असल्याने एखादी चूक सुधारताना संपूर्ण गाणे पुन्हा वाजवावे लागत नाही. पुढे मिक्सिंगमध्ये या ट्रॅकचा समतोल साधला जातो आणि मास्टरिंगमध्ये अंतिम प्रत सिद्ध होते. स्टुडिओचे भाडे तासावर किंवा पाळीवर आकारले जात असल्याने, तालीम पक्की करून आलेल्या बँडचा खर्च वाचतो.

चुंबकीय फितीच्या काळात हे काम मोजक्या, महागड्या स्टुडिओंपुरते मर्यादित होते. १९९० च्या दशकात आलेल्या डिजिटल यंत्रणांनी आणि त्यानंतर संगणकावरील ध्वनिसंपादन प्रणालींनी हे चित्र बदलले. गिटार, की-बोर्ड आणि गायन आता घरच्या खोलीतही मुद्रित करता येते. ड्रम्ससाठी मात्र ध्वनिरोधक भिंती, अनेक मायक्रोफोन आणि योग्य आकाराची खोली लागते. त्यामुळे लहान स्टुडिओंची गरज अद्याप संपलेली नाही.

या व्यवहारात खरा प्रश्न मालकीचा असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा ‘निर्माता’ म्हणजे ते तयार करण्यासाठी पुढाकार घेणारी आणि जबाबदारी स्वीकारणारी व्यक्ती. वेगळा करार नसल्यास मूळ ध्वनिमुद्रणाचा, म्हणजेच ‘मास्टर’चा, हक्क सामान्यतः या निर्मात्याकडे राहतो आणि तो प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. गीत आणि स्वररचना यांचे हक्क स्वतंत्र असतात. कंपनीने खर्च उचलला तर बँडला प्रसिद्धी आणि वितरण मिळते. पण मास्टरवरील हक्क बहुधा कंपनीकडे जातो. बँडने स्वतः निर्मिती केल्यास तो हक्क बँडकडेच राहतो. पगाराच्या बचतीतून स्टुडिओचे भाडे भरणाऱ्या अभियंता-वादकाने एका अर्थाने हेच स्वातंत्र्य विकत घेतलेले असते.

कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांच्या मानधनाच्या हक्काला अधिक संरक्षण दिले. तरीही बँडमधील अंतर्गत वाटणी कायद्याने आपोआप ठरत नाही. गाणे कोणी रचले, भाडे कोणी भरले आणि सदस्य बाहेर पडल्यास त्याचा वाटा किती, याची लेखी नोंद नसल्यास जुनी गाणी पुन्हा प्रकाशित करताना अडचणी येतात. मूळ ट्रॅक ज्या हार्ड डिस्कवर आहेत, ती नादुरुस्त झाल्यास कागदावरचा हक्कही फारसा उपयोगी ठरत नाही. त्यामुळे प्रत्येक सत्राअखेर ट्रॅकच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे हिताचे ठरते.

इलेक्ट्रॉनिक सिटीतील नोकरदार वादकांपुढे वेळेचीही अडचण असते. होसूर मार्गावरील कोंडी कमी करण्यासाठी सुमारे १० किलोमीटर लांबीचा उन्नत मार्ग जानेवारी २०१० मध्ये खुला झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही १९ किलोमीटरची मेट्रो मार्गिका सुरू झाली. कार्यालय सुटल्यानंतर तालमीला किंवा स्टुडिओत पोहोचणाऱ्यांसाठी प्रवासात वाचलेला प्रत्येक तास मोलाचा असतो.