स्टँडर्ड गाडी हा एक तह असतो

आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, वय सत्तरीच्या पुढे, आणि बोलणार कशावर, तर स्पोर्ट्स मोटारसायकलला बाहेरचे कोणते पार्ट बसवावेत यावर! पण कोल्हापुरात हा विषय परका नाही. इथं यंत्र जसं आलं तसं वापरायची सवयच कुणाला नव्हती. उसाला पाणी द्यायचं म्हणून ऑइल इंजिन आलं. ते ऐन हंगामात बंद पडलं, तर मुंबईहून पार्ट येईपर्यंत ऊस थांबतो होय? मग इथल्याच मिस्त्रीनं तो पार्ट ओतून, लेथवर घासून बसवायचा. उद्यमनगर उभं राहिलं ते या निकडीतून. पुढं शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फौंड्र्या मोठमोठ्या वाहन कंपन्यांना कास्टिंग पुरवू लागल्या. म्हणजे गाडी बनवणारे आणि गाडी बदलणारे, दोन्ही हात या जिल्ह्यात आहेत.

तर आज आम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. शोरूममधून जी गाडी बाहेर पडते, तिला आपण ‘स्टँडर्ड’ म्हणतो. आपल्याला वाटतं, स्टँडर्ड म्हणजे साधी, काहीतरी कमी असलेली. तसं नाही. स्टँडर्ड गाडी हा एक तह असतो. वेग, ब्रेक, मायलेज, आवाज, धूर, किंमत आणि आपले रस्ते, एवढे सगळे पक्ष एका टेबलाशी बसलेले असतात. प्रत्येकानं थोडं सोडलेलं असतं, थोडं मिळवलेलं असतं. आपण एक पार्ट बदलतो, तेव्हा त्या तहातलं एक कलम फाडतो. फाडायला हरकत नाही. पण बाकीची कलमं त्या एका कलमाच्या भरवशावर लिहिलेली असतात, हे विसरून चालत नाही.

इतिहासातलं उदाहरण घेऊ. 1983 साली एस्कॉर्ट्स कंपनीनं राजदूत 350 बाजारात आणली. मूळ गाडी यामाहाची आरडी 350. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, जगभर नावाजलेली. भारतात आणताना तिची ताकद उतरवली. हाय टॉर्क आवृत्ती साधारण साडेतीस अश्वशक्तीची, नंतरची लो टॉर्क सत्तावीसची. का उतरवली? पेट्रोल परवडत नव्हतं म्हणून. इथपर्यंत तह समजण्यासारखा आहे. पण परदेशात ज्या गाडीला पुढं डिस्क ब्रेक होता, तिला इथं ड्रम ब्रेक मिळाला. आता बघा, हौशी मंडळींनी काय केलं? मोठे जेट टाकले, पोर्ट घासले, कंपनीनं काढून घेतलेली ताकद परत मिळवली. ब्रेक मात्र ड्रमच राहिला. वेगाचं कलम फाडलं आणि थांबण्याचं तसंच ठेवलं. त्या गाडीबद्दल जी भीतीयुक्त दंतकथा तयार झाली, तिच्या मुळाशी हे गणित आहे.

गणित सोपं आहे. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 60 वरून 80 वर गेलात, तर वेग वाढला एक-तृतीयांशानं, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा पावणेदोन पटींच्या वर गेली. इंजिनात दोन-तीन अश्वशक्ती वाढवणारा कधी हा हिशेब मांडतो का? आणि हिशेब चुकला, की बिल सीपीआरच्या अपघात विभागात फाटतं. तिथं बहुतेक वेळा विशीतलीच पोरं असतात. म्हणून हा विषय आम्हाला हौसेचा वाटत नाही.

आता सायलेन्सरकडे येऊ, कारण आपल्याकडं सुरुवात तिथूनच होते. टू-स्ट्रोक गाडीचा सायलेन्सर नुसता आवाज कमी करायला नसतो, हे शास्त्र ज्यानं पूर्णत्वाला नेलं त्याचं नाव वाल्टर काडेन. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचा इंजिनिअर. सिलिंडरमधून धुराची लाट बाहेर पडते. पाईप पुढं रुंद होत गेला, की तिथून ओढणारी लाट मागं येते आणि उरलेला धूर खेचून काढते. पाईप पुन्हा निमुळता झाला, की ढकलणारी लाट मागं येते आणि बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये कोंबते. या हिशेबावर त्याचं 125 सीसीचं इंजिन 1961 पर्यंत लिटरमागं 200 अश्वशक्तीच्या घरात पोहोचलं. त्याच वर्षी त्याचा रेसर अर्न्स्ट डेगनर स्वीडनमधून पश्चिमेकडं पळाला, सुझुकीला मिळाला, आणि 1962 मध्ये 50 सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीकडं गेलं. पाईपचा आकार ही राष्ट्राराष्ट्रांतली गुपितं होती, मंडळी!

आणि आपण काय करत होतो? आरएक्स 100 आली 1985 साली. 98 सीसी, 11 अश्वशक्ती, अंगानं हलकी. तिच्या सायलेन्सरच्या आतली नळी काढून टाकली, की गाडी ‘मोकळी’ झाली असं म्हणायचं. आवाज मोकळा झाला हे खरं. पण त्या लाटांचा हिशेब मोडला, की खालच्या आरपीएमला गाडी मरते. कान म्हणतो जोर वाढला. घड्याळ तसं म्हणेलच असं नाही.

जुन्या मिस्त्रीला हे पुस्तकातून माहीत नव्हतं, हातातून माहीत होतं. तो प्लग काढून रंग बघायचा. पांढरा पडला तर मिश्रणात पेट्रोल कमी, इंजिन तापतंय, पिस्टन जाईल. काळा तर पेट्रोल जास्त. तपकिरी आला की ठीक. आणि हात लावायच्या आधी तो विचारायचा, ‘काय रे, गाडी कुठं फिरवतोस? गावात, का हायवेला, का पन्हाळ्याला?’ न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. प्रमाण, प्रमेय, मग संशय, आणि चौथं प्रयोजन. कशासाठी? हे ठरल्याशिवाय विचार पुढं सरकत नाही. आमच्या मिस्त्रीनं गौतमाचं नाव ऐकलं नसेल, पण प्रयोजन विचारल्याशिवाय त्यानं पाना उचलला नाही.

पुढं काळ बदलला. फोर-स्ट्रोक आल्या, फ्युएल इंजेक्शन आलं. 2008 मध्ये यामाहानं आर 15 आणली. मागचा टायर 100 मापाचा. पोरांना तो सडपातळ वाटला, म्हणून कित्येकांनी त्याच रिमवर 130, 140 चा टायर चढवला. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला, की त्याच्या कडा आत दाबल्या जातात, गोलाई बिघडते, गाडी वळणात पूर्वीसारखी सहज पडत नाही. 2011 मध्ये कंपनीनं स्वतः 130 चा टायर दिला. पण एकटा टायर दिला नाही. रिम रुंद केला, स्विंगआर्म नवा केला, गिअरिंग बदललं. एक कलम बदलायचं तर तह पुन्हा लिहायला लागतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा आम्हाला सापडलेला नाही.

मग निवड कोणत्या क्रमानं करावी? आम्ही रेसर नाही. पण ट्रॅकवर शिकलेली माणसं जो क्रम सांगतात, त्यामागं तर्क आहे, तो मांडतो. आधी जे आहे ते नीट करा. चेनचा ताण, टायरमधली हवा, ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, मग लवकर उकळतं, आणि करूळ घाट उतरताना ब्रेकचा लिव्हर मऊ पडतो. दोन वर्षांनी ते बदलायचं, एवढं स्वस्त अपग्रेड दुसरं नाही. त्यानंतर कंपनीनं सांगितलेल्याच मापाचा चांगल्या पकडीचा टायर. सगळी गाडी रस्त्याला टेकते ती तळहाताएवढ्या दोन ठिपक्यांवर. मग चांगले ब्रेक पॅड. मग सस्पेन्शन, तेही आधी आपल्या वजनाप्रमाणं सेट करून बघायचं, स्प्रिंग नंतर. इंजिन सगळ्यात शेवटी. आणि या सगळ्याच्या आधी हेल्मेट. तो पार्ट गाडीचा नाही, पण तहातला मुख्य पक्ष म्हणजे तुम्ही, त्याच्या बाजूचा तो एकटाच आहे. शिवाय गळिताच्या हंगामात रात्री, मागं दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात उभी असते. तिच्यासमोर जास्तीचे अश्व उपयोगाला येत नाहीत, चांगला ब्रेक येतो.

कायद्याचंही बोललं पाहिजे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध वाहनात बदल करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला एकेका बदलामागं पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. काही तरुण म्हणतात, ‘सर, गाडी माझी, पैसे माझे.’ बरोबर आहे. पण आवाज तुमचा एकट्याचा राहत नाही. रात्री अकराला रंकाळ्याच्या कडेनं उघडा सायलेन्सर गेला, की प्रत्येक घरातला आजारी माणूस आणि तान्हं मूल त्या तहात न विचारता ओढलं जातं. ज्याला सही करायला बोलावलं नाही, त्याच्याकडून वसुली करायची, याला हौस म्हणत नाहीत.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, की सर बदलाच्या विरोधात आहेत. अजिबात नाही. बदल केला नसता तर उद्यमनगर झालं नसतं. ज्यांना वेगच हवा, त्यांच्यासाठी जागा आहे. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर आपल्या देशात घासूनपुसून तयार केलेल्या गाड्या वर्षानुवर्षं धावल्या. आज श्रीपेरुंबुदूर आहे, कोइम्बतूरचा कारी ट्रॅक आहे. तिथं इंजिनाचं कलम खुशाल फाडा. तिथला तह वेगळा आहे आणि तो सगळ्यांना मान्य आहे.

आमचं मागणं छोटं आहे. पुढचा पार्ट मागवायच्या आधी एका कागदावर दोन ओळी लिहा. पहिली, हा कशासाठी. दुसरी, याची किंमत गाडीतला दुसरा कोणता भाग देणार. दुसरी ओळ लिहिता आली नाही, तर एखाद्या जुन्या मिस्त्रीकडं जा. गुढघ्यावर हात पुसत तो सांगेल. तो भेटतोय तोवर विचारून घ्या.

आता प्रश्न घेऊ.