पोकर
पोकर : पैज लावून खेळावयाचा पत्त्यांचा खेळ. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत न्यू ऑर्लीअन्सच्या परिसरात तो रूढ झाला. ‘पोक’ या फ्रेंच खेळावरून त्याचे नाव आले असावे. मूळ खेळात एक्का, राजा, राणी, गुलाम व दश्शी अशी २०च पाने असत. चौघांना प्रत्येकी पाच वाटली की पाने संपत. मिसिसिपी नदीवरील आगबोटींतून त्याचा प्रसार झाला. जोनाथन ग्रीन याने १८४३ च्या आपल्या ग्रंथात त्यातील लबाडीवर झोड उठविली. पुढे ५२ पाने आली आणि नको असलेली पाने बदलून घेण्याची मुभा मिळाली. या बदलांमुळे केवळ दैवाच्या खेळात अनुमानाला वाव मिळाला.

खेळाडू आळीपाळीने पण लावतो, दुसऱ्याच्या पणाची बरोबरी करतो, तो वाढवितो किंवा डाव सोडतो. शेवटी उरलेल्यांत वरचढ पाने असणारा जिंकतो. मात्र इतर सर्वांनी डाव सोडल्यास उरलेल्याला पाने न दाखविताच रक्कम मिळते. ‘हूल’ देण्याचे तंत्र यातूनच आले.

पानांची प्रतवारी दुर्मिळतेवर ठरते. ५२ पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० संच संभवतात. त्यांत फक्त एक जोडी असलेले १०,९८,२४०, तर चार समान पानांचे केवळ ६२४ असतात. नवशिक्याने प्रथम डाव सोडण्यास शिकावे. उदा., हाती बदामची चार पाने असता पाचव्या बदामासाठी एक पान बदलल्यास, न दिसलेल्या ४७ पानांपैकी ९ च उपयोगी पडतात. म्हणून जमलेली रक्कम द्यावयाच्या पणाच्या चौपटीहून कमी असल्यास केवळ त्या आशेवर पण भरणे सामान्यतः तोट्याचे ठरते.

विसाव्या शतकात दोन स्वतःची व पाच सामाईक पाने असलेला ‘टेक्सस होल्डेम’ हा प्रकार पुढे आला. बेनी बिनियन याने १९७० मध्ये लास व्हेगास येथे सुरू केलेल्या स्पर्धामालिकेने त्याला ख्याती मिळवून दिली. फोन नॉयमान व मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या ग्रंथात पोकरचे गणिती प्रतिमान मांडून हूल ही तर्कसंगत चाल असल्याचे दाखविले. २०१७ मध्ये ‘लिब्राटस’ या संगणकीय प्रणालीने १,२०,००० डावांत चार व्यावसायिक खेळाडूंवर मात केली.

दीर्घकाळात कौशल्य फळते. एखाद्या रात्री मात्र दैवच बलवत्तर ठरते. त्यामुळे पोकरला जुगार म्हणावे की नाही, हा वाद कायम राहिला. भारतात २०२५ च्या केंद्रीय कायद्याने आंतरजालावर पैसे लावून खेळावयाचे खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, निषिद्ध ठरविले.